ढगाखालची पिचर

मॅडम, दुपारपासून आभाळ भरून आलंय आणि पडत मात्र नाही. अशा दिवशी तुमची आठवण येते असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण खरं म्हणजे अशा दिवशी तुमची आठवण येऊ नये म्हणून मी काहीतरी काम काढून बसते. आज बॅटा पुसल्या, मुठींना नवी पट्टी गुंडाळली, कॅचरच्या पॅडचे सैल पट्टे शिवले. काम संपलं आणि आभाळ तसंच आहे. बाहेर अंगणात माझी लेक कंपाउंडच्या भिंतीवर चेंडू मारतेय. खांद्यातून हाताचं पूर्ण चक्र फिरवून, खालून, तुम्ही टाकायचात तसाच. धप्प आवाज येतो, मग चेंडू घरंगळत परत येईपर्यंत शांतता, मग पुन्हा धप्प. उद्या तिचा विभागाचा सामना आहे. ती सॉफ्टबॉलच्या संघात चेंडू टाकणारी, पिचर आहे, आणि मी तिच्या शाळेत खेळ शिकवते, म्हणजे तिची कोचही मीच. मोबाईलवर सकाळपासून विजेचे इशारे येतायत, आजचे आणि उद्याचेही. तुमच्या वेळी असले इशारे नव्हते. तुम्ही आभाळाकडे मान वर केलीत की आम्ही समजून घ्यायचो.

सौंदडजवळच्या आपल्या गावात सॉफ्टबॉल म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हतं, पण तुम्ही कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्टेशनबाहेरच्या टपरीवर बसणारी माणसं, ज्यांनी जन्मात एक सामना पाहिला नव्हता, ती शपथेवर सांगायची, "तिचा बॉल दिसतच नाई ना बावा, निस्ता आवाज येते." तुम्ही विद्यापीठाकडून खेळलात, राज्याच्या संघात गेलात, कुठल्या कुठल्या गावांहून कप घेऊन आलात आणि शेवटी आपल्याच शाळेत खेळाच्या मॅडम म्हणून रुजू झालात. मला तुम्ही कॅचर केलंत, कारण मी जाडी होते आणि रडायची नाही. कवठाएवढा तो चेंडू तुमच्या हातातून सुटला की माझ्या ग्लोव्हमध्ये आदळेपर्यंत मधलं काही दिसायचं नाही. टपरीवरची माणसं एवढ्यापुरती तरी खरं बोलत होती. संध्याकाळी माझा तळवा सुजलेला असायचा, आणि त्याला हळद लावताना आई म्हणायची, "त्या बाईच्या हातात काई तरी हाये." त्यात कौतुक किती आणि भीती किती, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

भीती होती, कारण तुम्ही पायाळू होतात. जन्मताना डोकं आधी न येता पाय आधी आले होते, आणि दाईनं ते त्याच संध्याकाळी गावभर केलं होतं. पायाळू माणसाला वीज हुडकत येते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. पायाळू माणसाचा पाय कमरेला लागला की उसण उतरते, हेही तेवढंच पाठ. तुमचे वडील विहारात बसून लोकांना सांगायचे, असल्या गोष्टी आपण सोडून आलो, आता पुन्हा उचलून घरात आणू नका. लोक माना डोलवायचे. आणि चिखलाच्या बांधीत धानाची रोपं लावायचा रोवणा चालू असताना ढग आले की त्याच माना डोलवणाऱ्या बाया तुम्हाला म्हणायच्या, "तू घरी जाय वं माय, आमाले काम करू दे." हे सांगताना तुम्ही हसायचात. म्हणायचात, गावानं मला रोवण्यातून हाकललं म्हणून तर भिंतीवर चेंडू मारायला वेळ मिळाला. असा तुमचा हात तयार झाला होता.

सकाळी सरावाआधी मी तुम्हाला बोलवायला यायचे, तेव्हा तुमच्या ओसरीत कोणी ना कोणी पालथं पडलेलं असायचं. पोतं उचलताना कंबर धरलेला एखादा बाप्या, नाहीतर विहिरीवरून वाकडी होऊन आलेली बाई. तुम्ही एका हातात चहाचा कप, दुसरा हात खांबाला, आणि डावा पाय त्या कमरेवर अलगद टेकवून मला विचारायचात, "पॅड घेतले का वं?" माणूस उठायचा, वाकून बघायचा, तुमच्या पाया पडायचा आणि जाता जाता हळूच आभाळाकडे नजर टाकायचा. एकदा मी विचारलं, मॅडम, तुम्ही हे मानता का? तुम्ही चुलीपाशी बसून कप विसळत होतात. म्हणालात, "मी नाई मानत. पण थो रांगत आला आन् चालत गेला, तं मी काय करू? उसण भरली का मी देवी, आन् ढग आले का डाकीण. लोकायले दोन्ही पायजे." मी हसले. तुम्ही हसला नाहीत, म्हणून मीही थांबले.

त्याच स्वयंपाकघरात तुम्ही मला त्या सामन्याची गोष्ट सांगितलीत, ज्यानं तुमचं नाव झालं. गोंदियातली फायनल, आभाळ काळं ठिक्कर. तुमच्याच संघातल्या एकीनं गंमत म्हणून समोरच्या मुलींना सांगून टाकलं की आमची पिचर पायाळू आहे. झालं. त्यानंतर एकही मुलगी प्लेटवर धड उभी राहिली नाही. चेंडू सुटायच्या आधीच बॅटा फिरवायच्या, बाद व्हायच्या आणि पळायच्या. अख्ख्या सामन्यात एकीच्याही बॅटला तुमचा चेंडू लागला नाही, आणि टपरीवरची दंतकथा तिथून सुरू झाली. "लोकायनं मले खांद्यावर घेतलं," तुम्ही म्हणालात, "पण आधी आभाळ साफ होऊ देलं." मग भाताचं गंज उतरवता उतरवता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "थे मॅच मी जितली का ढगानं जितली, हे मले आजवरी समजलं नाई." मला वाटलं, मोठी माणसं बोलतात तसं नम्रपणे बोलताय. नम्रपणा नव्हता तो. जिल्ह्यात जिच्यासारखी पिचर झाली नाही, तिला आपण पिचर आहोत का हेच कोणी कळू दिलं नव्हतं.

मैदानावर तुमचा एकच नियम कडक होता. गडगड ऐकू आली की खेळ बंद. बॅटा असतील तिथे टाकायच्या, झाडाखाली जायचं नाही, तळ्याएवढीही नसलेल्या आपल्या बोडीच्या बाजूच्या खोलगट भागात एकमेकींपासून अंतर ठेवून उकिडवं बसायचं, टाचा जोडून, कान झाकून. शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आणि मैदान इकडे बोडीच्या काठाला, त्यामुळे छप्पर गाठणं शक्य नसायचं. तुम्ही हे कुठल्याशा शिबिरात शिकून आला होतात आणि आमच्याकडून कोरड्या दिवशीही करून घ्यायचात. आम्ही बेडकांसारख्या बसून खिदळायचो. एकदा मी फारच खिदळले, तर माझं हेल्मेट बोटानं टकटक वाजवत तुम्ही म्हणालात, "दात नको काढू. वीज काई तुही मावशी नाई." तुमचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. खरोखरचे ढग यायचे तेव्हाही मुली नियमाप्रमाणे बसायच्या, फक्त तुमच्यापासून जितकं लांब जाता येईल तितक्या लांब. तुम्हाला ते दिसत होतं. मैदानाच्या दुसऱ्या कडेला मोहाचं मोठं झाड होतं, तेही तुम्हाला दिसत होतं.

तो दिवस मला अजून समोर दिसतो. धान निसवायला आलाय, बांध्यांत पाणी उभं आहे, वारा पडलाय, पाखरू बोलत नाही. तुम्ही फक्कीनं आखलेल्या गोलात उभ्या आहात, मी प्लेटच्या मागे. देवरीच्या जंगलाकडून एक लांबलचक गडगड येते. तुम्ही शिट्टी फुंकता, ओरडता, "बोडीकडं! बसा! बसा!" एवढ्यात ढग डोक्यावरच आलाय. आणि मॅडम, बोडीकडे जायचं तर तुमच्या जवळून जावं लागतं. मुली थबकतात. तुमच्याकडे बघतात. मग एकीनं तोंड फिरवलं आणि सगळ्या उलट्या दिशेनं सुटल्या, मोहाकडे. तुम्ही त्यांच्यामागे धावता, "झाडाखाली नाई! झाडाखाली नाई वं!" पण तुम्ही जितक्या जवळ जाता, तितक्या त्या बुंध्याला चिकटतात. मग तुमच्या ते लक्षात येतं. तुम्ही मैदानाच्या मधोमध थांबता आणि पाठीमागे सरायला लागता, हात हलवत, की बघा, मी लांब चालले, आता तरी बाहेर या. मला पॅडमुळे पळता आलेलं नाही, मी गुडघ्यांवर तिथेच आहे. उजेड झाला तेव्हा आवाज आला नाही. आवाज नंतर आला, आणि मग किती तरी वेळ दुसरा कुठलाच आवाज आला नाही.

पहिल्या बेसवर खेळणारी मुलगी गेली, जी वर्गात माझ्या बाकावर बसायची. बाकीच्या वाचल्या, काही दवाखान्यातून बऱ्याच दिवसांनी घरी आल्या. मोह शेंड्यापासून मुळापर्यंत सोलून निघाला. अंगाला झळही न लागलेल्या दोघीच, तुम्ही आणि मी. गावानं मला धीट ठरवलं, मॅडमजवळ थांबली म्हणे पोरगी. तुम्हाला खरं माहीत होतं. "पॅड नसते तं तूही मोहाखाली गेली असती," तुम्ही म्हणालात, आणि मी "हो" म्हटलं. गावानं झाडाचं नाव काढलं नाही. झाडाखाली वीज पडते हे शेतात जन्म काढलेल्या माणसांना कळत नव्हतं असं नाही, पण तुम्ही हाताशी असताना झाडाला कोण बोल लावतो.

त्या गेलेल्या मुलीची आई एक दिवस शाळेत आली. मी शेजारच्या खोलीत सामान लावत होते. मला वाटलं, आता ती तुमच्या झिंज्या धरणार. ती भिंतीशी बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, पोट्ट्या विजेले नाई भेल्या, तुमाले भेल्या. तुमी पायाळू हाव हे कोनाले मालूमच नसतं, तं माही पोरगी तुमच्याजवळ येऊन बसली असती. काऊन मालूम होऊ देलं लोकायले?" तुम्ही म्हणालात, "मी जलमली तवा मले बोलता येत नव्हतं, माय." ती उठून गेली. तिचं म्हणणं मात्र माझ्यात राहिलं. कोणाला माहीतच नसतं तर.

त्यानंतर तुम्ही चेंडू हातात धरला नाहीत. बॅटा पेटीत गेल्या, पेटी जिन्याखाली गेली, आम्ही कवायत आणि लेझीम करू लागलो. राज्यभर गाजलेला तो हात आता नुसता एक-दोन-तीन-चार म्हणत हवेत हलायचा, आणि मला ते बघवायचं नाही. उसणवाले मात्र काही दिवस थांबून परत यायला लागले. गरज पडली की लोकांची अक्कल आणि लाज दोन्ही बाजूला होतात. कापणीच्या दिवसांत त्या मुलीच्या बापाला दोघांनी धरून आणलं. तो ओसरीत पालथा पडला, तोंड भिंतीकडे करून. तुम्ही खांबाला धरून उभ्या. पाय उचलायला तुम्हाला फार वेळ लागला. तुमचा पाय टेकल्यावर तो रडायला लागला, आणि ते कमरेचं रडणं नव्हतं. उठला, चालत गेला, आभाळाकडे बघितलं नाही. तुम्ही आत येऊन डावा पाय कितीतरी वेळ धूत बसलात, आणि मी पाणी ओतत होते.

शाळा सोडताना तुम्ही मला तुमचा जुना ग्लोव्ह दिलात. म्हणालात, "खेळ सोडू नको, पण पिचर नको होऊ. कॅचरच्या डोक्यावर काई तरी राहते." पुढे मी तुमच्याच वाटेनं खेळाची शिक्षिका झाले, हे तुम्हाला कळलं होतं. लग्नात तुम्ही आला होतात आणि मांडवात एका कडेला बसला होतात, कारण त्या दिवशी थोडं भरून आलं होतं. तुम्ही गेलात ते भर हिवाळ्यात, गोंदियाच्या दवाखान्यात, पक्क्या छपराखाली, डोक्यात गेलेल्या तापानं. आभाळ धुतल्यासारखं साफ होतं. जन्मभर ज्या विजेची तुम्हाला भीती घातली, तिनं तुमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तरी तुम्हाला नेताना माणसं वर बघत होती. राग आला मला त्यांचा, आणि मग माझीही मान वर गेली.

आता माझ्या लेकीचं सांगते. तिच्या वेळी मी सासरी होते, देवरीकडे. कळा आधीच सुरू झाल्या, गोंदियाला न्यायला वेळ उरला नाही, देवरीच्या दवाखान्यातच व्हायचं ते झालं. नर्स म्हणाली, "ताई, पाय दिसून राहिले." मला कळा विसरायला झाल्या. मैदान दिसलं. पोरगी रडली, सगळं नीट पार पडलं, आणि तिला पुसता पुसता नर्स माझ्या कानाशी वाकली, "कोनाले सांगू नका. पोरीची जात हाये, लगन होयाचं हाये." नवरा बाहेर गाडी मिळवायला धावत होता. तो आत आल्यावर मी सांगितलं, सगळं व्यवस्थित. सासूबाईंनाही तेच. लपवायचं हे मला त्या मुलीच्या आईनं शिकवलं होतं. मला त्यात फार मोठं शहाणपण वाटलं, अजूनही वाटतं, फक्त ते जड किती असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही फुलचूरला राहायला आलो. पोरगी शहरातल्या पोरींसारखी अर्धं हिंदी बोलत मोठी झाली. मी तिला कॅचर करायला बघितलं, तुमचा ग्लोव्ह दिला, हेल्मेट घातलं. तिनं हेल्मेट काढून ठेवलं आणि म्हणाली, "मम्मी, पीछे बैठ के क्या मजा? मी बॉल टाकणार." पहिल्यांदा तिचा हात पूर्ण फिरला, चेंडू आला आणि माझ्या तळव्यात तीच जुनी कळ उठली. इतक्या वर्षांत कुठल्याच मुलीच्या चेंडूनं ती उठली नव्हती. मला आनंद झाला, मॅडम, खूप झाला, आणि त्याच दमात मानेवरून गार काहीतरी सरकलं. मग या उन्हाळ्यात किटची बॅग उचलताना माझी कंबर धरली. फरशीवर पालथी पडले होते. ती आली, हसत हसत पाय ठेवला, "दबा दूँ क्या?" मी ओरडले, काढ पाय! ती बिचारी घाबरून बाजूला झाली. पण उसण उतरली होती. मी स्वतःला समजावलं, शीर मोकळी झाली असेल, तिच्या वजनानं झाली असेल. मुलींना विज्ञान सांगणारी बाई मी. त्यानंतर ढग आले की माझं लक्ष आधी तिच्या पायांकडे जायला लागलं.

दरवर्षी नव्या संघाला मी तुमची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, पण बाकी सगळं सांगते, की मुली एका चांगल्या बाईला, ती पायाळू म्हणून भिऊन झाडाकडे पळाल्या आणि झाडानं मारलं. मग त्यांना खोलगट जागेत उकिडवं बसायला लावते. आमच्या मैदानाला एका बाजूला असा खोलगट पट्टा आहे आणि दुसऱ्या बाजूला जुना कडुनिंब. मागच्या आठवड्यात सरावाच्या वेळी ढग आले. मी शिट्टी दिली, मुली जागच्या जागी बॅटा टाकून पट्ट्यात उतरल्या, टाचा जोडून बसल्या. कोणी कोणाला भिऊन पळालं नाही, कारण कोणाला काही माहीतच नव्हतं. मी लेकीच्या शेजारी उभी, सगळ्या बसल्या का ते बघत. छाती भरून आली. मनात म्हटलं, मॅडम, बघा, जमलं. तेवढ्यात डोक्यावरच कडाडलं. पुढचं मला नीट आठवत नाही. लेकीचा आवाज आठवतो. "मम्मी! झाडाखालून निघ! मम्मी!" मी भानावर आले तेव्हा माझी पाठ कडुनिंबाच्या बुंध्याला टेकलेली होती. बसलेल्या मुलींच्या मधून वाट काढत मी पळाले होते. आणि ती पट्ट्यात उभी राहून, कान न झाकता, हात हलवत मला बाहेर बोलावत होती.

काही झालं नाही. सरी आल्या, ढग पुढे गेला, मुली हसल्या, "मॅडम, आप ही डर गए!" मीही हसले. घरी आल्यावर मी कणीक मळत होते, ती ओट्याला टेकून उभी राहिली. विचारलं, "तू झाडाकडे काऊन गेली?" मी म्हटलं, घाबरले गं, आवाज केवढा झाला. ती म्हणाली, "सगळ्या तं बसल्या होत्या. तू सगळ्यांच्या जवळून गेली. निस्ती माझ्यापासून दूर गेली." मी कणकेला आणखी पाणी लावलं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग विचारलं, "मम्मी, मी पण पायाळू हाओ का?" मी कणकेत बघत म्हटलं, नाही. ती म्हणाली, "बरं." एवढंच. मग पाटावर बसली आणि दोन्ही पाय फ्रॉकखाली ओढून घेतले.

काल सरावाला नुसतं लांब कुठेतरी गडगडलं. सगळ्या पट्ट्यात उतरल्या. ती उतरली नाही. ती स्वतःहून मैदानाच्या मधोमध जाऊन बसली, सगळ्यांपासून लांब, डोकं गुडघ्यांत घालून. मी हाका मारल्या तर तिथूनच हात हलवला, की मी ठीक आहे, तुम्ही तिकडेच थांबा. तो हात मी ओळखते. तुम्हाला गावानं एकटं पाडलं होतं. तिला गावातल्या कोणाला काही माहीत नसताना एकट्या तिच्या आईनं पाडलं. उद्याच्या सामन्यात तिला मैदानाच्या मध्यावर उभं राहायचं आहे, आणि ढग येणार आहेत. मोबाईल सांगतो, मलाही दिसतं. तिला आज खरं सांगायला हवं, की हो, तुझे पाय आधी आले, आणि त्यानं काही म्हणजे काही होत नाही, नियम पाळ, सगळ्यांबरोबर खाली उतर. पण झाडाला पाठ लावून उभी राहिलेली बाई हे सांगणार आणि ती ऐकणार?

इतकी वर्षं मी समजत होते, मला तिच्यासाठी भीती वाटते. तसं नाही, मॅडम. मला तिची भीती वाटते. तुम्ही असतात तर हे तुम्हाला सांगितलं नसतं. तुमच्यासमोर तर मुळीच नाही.

आत्ता गडगडलं. जवळच. भिंतीवर चेंडू अजून आदळतोय, म्हणजे ती आत आलेली नाही, आणि आई हाक मारते का याची वाट बघतेय, हे मला न बघता कळतं. दार चार पावलांवर आहे. ते उघडायचं, अंगणात जायचं, तिच्या खांद्यावर हात टाकून तिला घरात आणायचं, एवढंच काम आहे. ते करायचं म्हणूनच दुपारी खुर्ची ओढली आणि करण्याआधी तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं म्हटलं. दोन ओळींच्या किती झाल्या ते तुम्ही बघताच आहात. पुन्हा गडगडलं. मी अजून उठलेले नाही.